चार पॉइंट उजळ

फिल्म लॅबोरेटरीत एक उलटं गणित असे. निगेटिव्हवरून प्रिंट छापताना जितका जास्त उजेड द्यावा तितकं चित्र काळं पडे, आणि उजेड कमी केला की चित्र उजळे. नव्या माणसाच्या डोक्यात हे बसायला महिना लागायचा. पॉइंटकाकांना तीन दिवस लागले होते, आणि पुढची एकतीस वर्षं त्यांनी त्यावरच काढली.

काम असं असायचं. संकलन होऊन सिनेमा लॅबमध्ये आला की त्यातल्या प्रत्येक शॉटला तीन आकडे द्यायचे, लाल, हिरवा आणि निळा. या आकड्यांना पॉइंट म्हणत. बाराशे-पंधराशे शॉट म्हणजे चार-साडेचार हजार आकडे, आणि सगळे पेन्सिलीने कार्डांवर. प्रत्येक रिळाचं कार्ड वेगळं. त्यावरून पहिली प्रिंट निघे. मग दिग्दर्शक येई, लॅबच्या छोट्या थिएटरात काकांच्या शेजारच्या खुर्चीत बसून ती बघे, इथे चेहरा पिवळा वाटतोय, इथे मला संध्याकाळ हवी होती आणि तुम्ही दुपार केलीत, असं सांगे. दुरुस्त्या होत. दिग्दर्शक कार्डांखाली सही करी आणि सुटकेचा श्वास टाकून घरी जाई. मग गावोगावच्या थिएटरांसाठी प्रिंटा छापायला घेत. कार्डं तोवर काकांच्याच टेबलावर असत.

पॉइंटकाका हे नाव लॅबमध्ये पडलं आणि घरापर्यंत आलं. बायकोसुद्धा चिडली की म्हणे, "या घरात तुमचे पॉइंट चालायचे नाहीत." लॅब बंद होऊन आता अकरा वर्षं झाली. तिथे सध्या गाद्यांचं दुकान आहे. काका एकाहत्तर वर्षांचे आहेत, चष्म्याचा नंबर फारसा वाढलेला नाही, आणि खोलीतला दिवा लावताना अजूनही एकदा भिंतीकडे बघतात, तिचा रंग बरोबर दिसतो का म्हणून.

त्यांची मुलगी सिनेमे काढणाऱ्या एका कंपनीत नोकरीला आहे. लग्न केलं नाही, आईबापांजवळच राहते. कोणत्या सिनेमाला कोणता माणूस शोभेल याच्या याद्या करणं हे तिचं काम. एका रविवारी दुपारी जेवताना तिने विषय काढला.

"बाबा, एक विचारायचंय. हसायचं नाही."

"हसण्यासारखं असेल तर हसेन."

"आम्ही सुपरहिरोचा सिनेमा काढतोय. पण नेहमीसारखा उडणारा-बिडणारा नाही. डार्क."

"डार्क म्हणजे किती?"

"किती म्हणजे काय? डार्क म्हणजे डार्क. त्याच्या मनात अंधार, शहरात अंधार."

"मनातलं मला कळत नाही. पडद्यावर किती?"

"बघ आई, हे असं बोलतात."

"मला काय सांगतेस," आई म्हणाली. "एकतीस वर्षं कोणाकोणाच्या शेजारी अंधारात बसायचे आणि घरी येऊन म्हणायचे, आज फार दमलो."

मुलीची अडचण खरी होती. दिग्दर्शक ठरत नव्हता. पाच नावांची यादी तयार होती, पण कंपनीच्या साहेबांना एकही नाव धड पटत नव्हतं. तिने फोनवरची यादी वाचायला घेतली आणि काकांनी चमचा खाली ठेवला. या विषयावर त्यांना बोलायला सांगणं म्हणजे बांध फोडणंच.

पहिल्या नावावर ते म्हणाले, "धूरवाले. प्रत्येक सीनमध्ये धूर सोडायचे. एकदा तर न्हाणीघरातल्या सीनमध्ये. मी विचारलं, आग लागलीय का? तर म्हणाले, वातावरण आहे. अगं, धुरामागे लपता येतं, अंधारात उभं राहावं लागतं."

दुसऱ्या नावावर म्हणाले, "हे निळे साहेब. रात्र म्हटली की निळी करा. यांच्या सिनेमात रात्री माणसं बोलताना बघितलीस? बुडून मेलेली आणि वर काढलेली वाटतात."

तिसरं नाव मोठं होतं. या गृहस्थांचे सिनेमे धो धो चालतात. काका म्हणाले, "चेहरेवाले. माणूस गोड, पण अंधार आला की माझा दंड धरायचे. चेहरा दिसू द्या हो, लोक चेहरा बघायला येतात. तुमच्या हिरोला मुखवटा असेल ना? मग म्हणतील, मुखवट्यातून चेहरा दिसू द्या."

मुलगी हसून हसून पाणी प्यायली. चौथा जाहिरातींमधला तरुण होता. त्याच्याबद्दल काकांना काही सांगता येईना. लॅब बंद पडली तेव्हा तो शाळेत असेल.

"पाच म्हणाली होतीस."

"पाचवं कुणीतरी गंमत म्हणून लिहिलं होतं. आम्ही खोडलं. झिपवाली बाई."

काकांनी खाली ठेवलेला चमचा ताटात सरळ केला. मुलीला वाटलं, त्यांना आठवत नसेल. तिने फोन पुढे केला. "ही बघा ना. सगळ्या ऑफिसने पाहिलीय."

चाळीस सेकंदांची चित्रफीत होती. एका बंद गिरणीच्या आवारात मुखवटा घातलेला एक माणूस छपरावरून खाली उतरतो, पाठमोरा उभा राहतो, आणि त्याच्या काळ्या पोशाखाच्या पाठीवर, मानेपासून कमरेपर्यंत, पितळेची एक लांबलचक झिप चकाकते. वरच्या टोकाला ती थोडी उघडीही आहे. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'काकू, मागून लावून द्या ना.' चित्रफीत कित्येक लाख लोकांनी पाहिली होती.

"बरं," काका म्हणाले आणि जेवायला लागले. आईने एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

*

तो सिनेमा सव्वीस वर्षांपूर्वीचा. बाईंचा पहिलाच. त्या तेव्हा अडतीस वर्षांच्या होत्या, दहा वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली काम करून कशीबशी संधी मिळालेली. गोष्ट एका रखवालदाराची होती. बंद पडलेली गिरणी राखता राखता त्याला कळतं की आपल्याला अंधारात दिसतं. बाकी शक्ती काही नाही. उडता येत नाही, भिंती फोडता येत नाहीत. दिवसा त्याला कुणी विचारत नाही आणि रात्री तो शहराचा वाली असतो. सुपरहिरो हा शब्द तेव्हा इकडे मुलांच्या पुस्तकांपुरता होता.

लॅबच्या थिएटरात बाई काकांच्या शेजारी बसल्या. सहावं रीळ सुरू झालं आणि पडदा जवळजवळ काळा झाला. काकांचा हात सवयीने टिपणवहीकडे गेला.

"उजळ करायचं?" त्यांनी विचारलं.

"मुळीच नाही," बाई म्हणाल्या. "या माणसाचा पोशाख अर्धा रेक्झिनचा आहे आणि अर्धा अंधाराचा. रेक्झिन स्कूटरच्या सीटचं आहे. अंधार काढलात तर हातात फक्त सीट उरेल."

काकांना हसू आलं. चाळीसेक दिग्दर्शक त्यांच्या शेजारी बसून गेले होते. अंधार आल्यावर त्यातले बहुतेक खुर्चीत चुळबुळत. या बाई पुढे सरकून बसल्या होत्या. छपरावरून माणूस उतरला तो कुणी न सांगता कळला, कारण काळ्यावर काळं हललं. झिप कुठे होती ते काकांना तेव्हाही माहीत नव्हतं. बाईंनी सहा ते आठ या तिन्ही रिळांच्या कार्डांवर सही केली आणि म्हणाल्या, "तुमच्यासारखा माणूस आहे म्हणून झालं."

त्याच्या आदल्या वर्षी लॅबवर एक बालंट आलं होतं. एका दुसऱ्या सिनेमाच्या प्रिंटा काळ्या आल्या म्हणून लहान गावांतल्या थिएटरवाल्यांनी परत पाठवल्या. त्यांच्याकडचे प्रोजेक्टरचे दिवे जुने, कार्बनच्या कांड्यांचे, मिणमिणते. दोष दिव्यांचा होता, पण ओरडा लॅबला बसला आणि लॅबच्या मोठ्या साहेबांनी तो सगळ्यांदेखत काकांना दिला. "तुमचे डोळे इथे चालतात, तिकडे लोकांना पडदा दिसत नाही. पुन्हा एक जरी डबा परत आला तर तुम्ही बाहेर." तेव्हापासून काकांनी आपल्यापुरती एक सोय केली होती. दिग्दर्शकाची सही झाली, त्याची स्वतःची प्रिंट त्याच्याकडे गेली, की बाहेर जाणाऱ्या प्रिंटांसाठी रात्रीच्या रिळांच्या कार्डावर वर एक ओळ लिहायची: सर्व शॉट, चार खाली. म्हणजे तिन्ही रंगांचे चार-चार पॉइंट कमी, म्हणजे चित्र तेवढं उजळ. कुणाला पत्ता लागत नसे. डबे परत येईनात. चेहरेवाल्यांना तर वाटे, थिएटरात आपला सिनेमा लॅबपेक्षा छान दिसतो.

बाईंची कार्डं टेबलावर आली तेव्हा पाळी संपत आली होती. काकांनी पेन्सिल घेतली आणि तिन्ही कार्डांवर ती ओळ लिहिली. मिनिटभराचं काम. टेबलावरचा चहाही निवला नव्हता.

अठ्ठावीस प्रिंटा निघाल्या. मोठ्या शहरांमधल्या थिएटरांचे दिवे नवे आणि कडक होते. तिथे चार पॉइंटांचे सहा झाल्यासारखे दिसले. पहिल्याच दिवशी, पहिल्याच खेळाला, सहाव्या रिळात कुणीतरी ओरडलं, "अरे, झिप लाव!" आणि मग सिनेमा संपेपर्यंत थिएटर हसत राहिलं. पेपरांनी लिहिलं की बाईंना अंधाराची समजच नाही. पुढे टीव्हीसाठी जी प्रत निघाली ती त्यातल्याच एका प्रिंटवरून, आणि आज फोनवर फिरते तीही तीच. बाईंना पुन्हा सिनेमा मिळाला नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांचा लॅबमध्ये फोन आला होता. आवाज शांत होता. "तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात. खरं सांगा, झिप दिसत होती का?"

"थिएटरचे दिवे वेगवेगळे असतात, बाई," काका म्हणाले.

त्यात खोटं काही नव्हतं. पलीकडून "बरोबर आहे" एवढंच आलं आणि फोन ठेवला गेला.

*

मुलीने ऑफिसात बापाच्या गमती सांगितल्या आणि साहेबांनी काकांना बोलावूनच घेतलं. ऑफिसात एक काचेची भिंत होती, तिच्यावर रंगीत चिठ्ठ्या डकवलेल्या. साहेब चाळिशीचे, बोलायला अदबशीर. टेबलाभोवती सात-आठ जण. काकांनी धूरवाले, निळे साहेब आणि चेहरेवाले यांचं पुन्हा एकदा सगळं सांगितलं आणि खोली हसून लोटपोट झाली. मुलगी भिंतीला टेकून उभी होती. बाप आपला आहे, हे तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

"मग काका, तुमचं मत काय? कोण शोभेल?"

"पाचवं नाव परत लावा," काका म्हणाले.

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग एकजण फिसकन हसला. "झिपवाली? काका, त्या बाईंना अंधार कळत नाही हाच तर किस्सा आहे."

"त्यांच्याइतका अंधार कळलेला माणूस मी पाहिला नाही. त्यांनी सही केली त्या प्रिंटमध्ये झिप दिसत नव्हती. मी शेजारी बसलो होतो."

"मग आम्ही बघतो ते काय?"

"बाहेर गेलेल्या प्रिंटा उजळ होत्या."

"कुणी केल्या?" साहेबांनी विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

काकांनी मुलीकडे पाहिलं. ती तशीच उभी होती, तशीच बघत होती. आदल्या रात्री त्यांनी अंथरुणावर पडून हे वाक्य तयार केलं होतं. दोनच शब्दांचं होतं.

"लॅबनं," ते म्हणाले.

"अरेरे. काय वाट लावली असेल या लॅबवाल्यांनी लोकांची. बंद पडल्या ते बरं झालं," साहेब म्हणाले. सगळे हसले. काकाही हसले.

साहेब मात्र गोष्ट सोडून देणारे नव्हते. सही झालेली प्रिंट कुठे मिळेल, त्यांनी विचारलं. एक प्रिंट दिग्दर्शकाला देत असत, काका म्हणाले, बाईंकडे असेल. "मग आणा. शुक्रवारी आम्ही ठरवणार आहोत. त्याआधी एक रीळ जरी दाखवलंत तरी नाव परत लावतो. शब्द माझा." आणि त्यांनी स्वतः उठून एक कोरी चिठ्ठी भिंतीवर पाचव्या जागी डकवली.

येताना गाडीत मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही ग्रेट आहात. इतक्या वर्षांनी कोण कुणासाठी बोलतं?"

काकांनी खिडकीची काच खाली घेतली.

*

बाईंचा पत्ता शोधायला वेळ लागला नाही. त्या कारखान्यांसाठी माहितीपट काढत. आग लागल्यास काय करावं, यंत्रात हात जाऊ नये म्हणून काय करावं, असे दहा-दहा मिनिटांचे. सोमवारी सकाळी काका गेले. तळमजल्यावरच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत दोन संगणक आणि हेल्मेटांचा ढीग, आतल्या खोलीत बाईंचा संसार. बाई चौसष्टच्या. केस कापलेले, हालचाल अजून घाईची.

"पॉइंट," त्या म्हणाल्या. "जिवंत आहात होय?"

काकांनी कंपनीचं, सिनेमाचं, शुक्रवारचं सांगितलं. बाई ऐकत राहिल्या. मग जिन्याखालच्या कपाटातून त्यांनी डबे काढले. वर त्यांच्याच अक्षरात रिळांचे आकडे होते. सहाव्याचं झाकण गंजून बसलं होतं. बाईंनी स्क्रू-ड्रायव्हर घालून ते उचकटलं आणि दोघांच्याही नाकात एकदम आंबट वास शिरला.

काकांना तो वास ओळखायला बघायची गरज नव्हती. बंद डब्यात वर्षानुवर्षं पडलेली फिल्म अशी आतून सडते. पट्टी आकसून गुंडाळीला गुंडाळी चिकटली होती, कडा लाटांसारख्या वर-खाली झालेल्या. त्यांनी एक टोक नखाने सोडवायचा प्रयत्न केला. ते बिस्किटासारखं तुटलं. निगेटिव्हही नव्हतं. लॅब बंद झाली तेव्हा ते कुठल्या गोदामात गेलं याचा माग कुणाकडेच नव्हता.

"सातवं बघू," काका म्हणाले. सातवंही तसंच होतं.

"राहू द्या," बाई म्हणाल्या. त्या खुर्चीवर बसल्या. "तुम्ही एवढं मनावर घेतलंत, पण चूक माझीच होती. तुम्ही तेव्हा सांगितलं होतंत, थिएटरचे दिवे वेगवेगळे असतात. मला ते आधी कळायला हवं होतं. मला लॅबमध्ये झिप दिसत नव्हती आणि लोकांना थिएटरात दिसत होती, म्हणजे माझाच डोळा कच्चा. मी नंतर अंधाराच्या वाटेला गेले नाही. आमच्या सिनेमात बघा, सगळं लख्ख. कारखानदार खूश."

आता उठून जाता आलं असतं. प्रिंट गेली होती, निगेटिव्ह गेलं होतं, लॅबचे मोठे साहेब वारले होते. काकांच्या मनात हे सगळं येऊन गेलं, हे त्यांनी पुढे स्वतःच्या तोंडाने कबूल केलं आहे.

"मी केलं," ते म्हणाले. "सही झाल्यावर. बाहेरच्या प्रिंटांसाठी चार पॉइंट उजळ. सहावं, सातवं, आठवं."

बाईंनी स्क्रू-ड्रायव्हर डब्यावर ठेवला. बाहेरून मालगाडी धक्के खात गेल्यासारखा कुठल्याशा यंत्राचा आवाज येत होता.

"चार?"

"चार."

"तिन्ही रंग?"

"तिन्ही."

"आठवं का? आठव्यात तर दिवस उजाडतो. आठव्यात उजळायला अंधारच नव्हता."

सव्वीस वर्षांत काकांनी हा हिशेब अनेकदा केला होता, साहेबांचा ओरडा, मिणमिणते दिवे, परत आलेले डबे, पण आठवं रीळ त्यात कधी आलं नव्हतं. "हात बसला होता," ते म्हणाले.

"हात बसला होता," बाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "त्या कंपनीत काय सांगितलंत? कुणी केलं?"

"लॅबनं."

"लॅबला हात असतात?"

बाई उठल्या, डब्याचं झाकण लावायला लागल्या. ते बसेना. "मी माझ्या डोळ्यांना दोष देत म्हातारी झाले, पॉइंट. त्याचं आता काही करता यायचं नाही. पण प्रिंट नसली तरी तुम्ही आहात ना? लिहून द्या. तुमच्या नावाने, तुमच्या सहीने. शुक्रवारच्या आत त्यांच्या हातात पडलं पाहिजे. मला सिनेमा मिळो न मिळो. ती पोरं माझ्या झिपेला हसतात, ती तुमची आहे हे त्यांना कळू दे."

"देतो," काका म्हणाले.

बाईंनी त्यांना बसा म्हटलं नव्हतं, जा असंही म्हटलं नाही. त्यांनी हेल्मेटांचा ढीग सरळ करायला घेतला, तेव्हा काका निघाले.

*

चिठ्ठी लिहायला चार दिवस लागले. पहिला खर्डा तीन पानांचा झाला. त्यात कार्बनच्या कांड्या कशा जळतात, आरसे कसे काळवंडतात, लहान गावांत पडदे कसे पिवळे पडलेले असतात, हे सगळं होतं. बायकोने तो वाचला. तिला सोमवारीच सगळं सांगून झालं होतं आणि तिने एवढंच विचारलं होतं, "मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही कबुली देताय की दिव्यांवर भाषण?" ती आता म्हणाली.

दुसऱ्या खर्ड्यात दिवे एका पानात आले. तिसऱ्यात मोठ्या साहेबांचा ओरडा राहिला होता, तो चौथ्यात गेला. गुरुवारी संध्याकाळी जे उरलं ते सहा ओळींचं होतं. त्यात 'मी' हा शब्द चारदा आला होता. काकांनी तारीख घातली, सही केली, कागद घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला.

शुक्रवारी सकाळी मुलगी कामावर निघाली. चपला घालता घालता तिने विचारलं, "बाबा, प्रिंटचं काही झालं?"

"खराब झालीय. चालण्यासारखी नाही."

"अरेरे. असू दे. तुम्ही त्या बाईंसाठी एवढं केलंत, हेच किती आहे. दुसऱ्या कुणी केलं नसतं."

काकांचा हात खिशावर होता. मुलगी जिना उतरली. स्वयंपाकघराच्या दारात बायको उभी होती. ती आत गेली आणि तिने भांडी जरा जोरात आपटली. काकांना वाटलं, दुपारपर्यंत वेळ आहे, आपणच ऑफिसात जाऊन देऊ. अंघोळ केली, इस्त्रीचा सदरा घातला, कागद त्याच्या खिशात ठेवला. मग खुर्चीत बसले. दोन वाजता मुलीचा फोन आला की ठरलं. चेहरेवाले.

रविवारी जेवताना काकांनी तो कागद तिच्या ताटाशेजारी ठेवला. तिने वाचला. पुन्हा वाचला. तारखेपाशी तिचं बोट थांबलं.

"हे शुक्रवारी सकाळी तुमच्या खिशात होतं?"

"हो."

"मी चपला घालत होते तेव्हा?"

"हो."

तिने ताट पुढे सरकवलं. रागावून उठून जाईल असं काकांना वाटलं होतं. ती बसून राहिली, आणि बराच वेळ मिठाच्या डबीचं झाकण उघडझाप करत राहिली. "तुम्ही शुक्रवारी दिलं असतंत तरी त्यांना घेतलंच असतं असं नाही," ती शेवटी म्हणाली. मग म्हणाली, "पण मला निदान साहेबांना विचारता आलं असतं."

सोमवारी तिने कागद साहेबांना नेऊन दिला. साहेबांनी तो शांतपणे वाचला, वाईट वाटल्याचं सांगितलं, आणि करार झाल्याने आता काही करता येणार नाही, पुढच्या वेळी बाईंचा विचार नक्की करू, असा निरोप दिला. कोरी चिठ्ठी भिंतीवरून आधीच काढलेली होती. कागद ऑफिसात चार-पाच जणांनी वाचला. त्यातल्या एकाने ती चित्रफीत आपल्या फोनवरून पुसली. बाकी ती फिरतेच आहे.

काका कागदाची दुसरी प्रत घेऊन बाईंकडे गेले. दार उघडंच होतं. बाईंनी उंबऱ्यातच उभं राहून सहा ओळी वाचल्या.

"गुरुवारची तारीख," त्या म्हणाल्या. "आणि दिलात कधी?"

"रविवारी."

"तारीख बदलली नाहीत."

"नाही."

बाईंनी मान हलवली. जिन्याखालच्या कपाटातून सहावा डबा काढला, कागद घडी करून त्या आंबट वासात ठेवला आणि झाकणावर तळहात ठेवून दाबलं. दोनदा दाबावं लागलं. मग त्या संगणकासमोर जाऊन बसल्या, जणू मध्ये कुणी आलंच नव्हतं.

पडद्यावर त्यांचा नवा माहितीपट थांबवलेला होता. कारखान्यातली वीज गेल्यावर कामगारांनी बाहेर कसं पडावं, असा काहीतरी विषय होता. चौकट जवळजवळ काळी होती. डाव्या कोपऱ्यात, फार लक्ष देऊन पाहिलं तर, भिंत चाचपत जाणारा एक हात दिसत होता.

काका दारात उभे राहून त्या चौकटीकडे बघत होते. त्यांना ती दोन पॉइंट उजळ करावीशी वाटली. ते काही बोलले नाहीत.